बंद तोंडाची नळी

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

कुकर बिघडलाय. शिट्टीच देत न्हाय. आज परत डाळीचा कोळसा झाला. सुनेनं दिवाळीला सोलापुरातल्या मोठ्या दुकानातून आणला, म्हणाली ह्याची शिट्टी गल्लीभर ऐकू जाती. गल्लीभर जात असंल, माझ्या शेगडीपाशी काय येत न्हाय. समोरची खैरुनबी जळका वास घेत आली आन् उंबऱ्यातूनच बोलली, "गंगम्मा, झोपली व्हतीस का गं? माझ्या घरात बसून शिट्ट्या मोजल्या मी." दुसऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायला हिला बसवलंय कुणी.

आमच्यात नमस्काराला शरणार्थ म्हणत्यात, ते म्हणायचं राहिलं, आता म्हणते. शरणार्थ. ही डायरी मल्लेशला ऑइलवाल्या कंपनीनं दिली व्हती. वर्ष सरत आलं तरी कोरीच पडली. मला म्हणाला, "अज्जी, दिवसभर भिंतीला बोलती, त्यापेक्षा हिच्यात बोल." छापलेल्या तारखा खोडून आपल्या घातल्यात. माझी शाळा चौथीपर्यंत, ती पण निम्मी जनावरामागं गेली. जमंल तसं लिहिणार.

मल्लेश माझा नातू. सोमेशचा मुलगा. सोमेश सोलापुरात बँकेत हाय. पोरानं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं म्हणून बापानं तोंड फिरवलं, म्या ताट त्याच्याकडं फिरवलं. तवापासून इथं माझ्यापाशीच राहतो. उमरग्यात हायवेला गॅरेज टाकलंय. गाड्यांचे सायलेन्सर करतो. कुणाला आवाज जाड पाहिजे, कुणाला दम जास्त पाहिजे, लांबून लांबून पोरं येत्यात. सकाळी जातो, दिवेलागणीला येतो. भाकरी गरमच लागती. एवढाच त्याचा नखरा.

रविवार, १ डिसेंबर

मल्लेशचा फटाका गेला. फटाका म्हंजे त्याच्या बुलेटचा जुना सायलेन्सर. स्वतः केलेला. आखूड, उघड्या तोंडाचा, जशी काय भांडकुदळ जाऊ. पोलिसांनी उमरग्याच्या चौकात धरलं, तिथंच काढायला लावला. असले लई गोळा करून रस्त्यावर ओळीनं मांडले आणि वरून रोडरोलर फिरवला म्हणं. "माझा तिसरा व्हता, अज्जी. पापडासारखा झाला," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं न्हाय. आवाज खराब व्हता खरा. चाँदपाशा, खैरुनबीचा नवरा, रोज शिव्या द्यायचा. पण फटाका कालव्याच्या पुलावर आला की मला इथं कळायचं. म्या तवा टाकायची. पोरगं दारात, भाकरी ताटात.

आता कंपनीचा सायलेन्सर लावलाय. गाडी चोरासारखी येती. आवाजच न्हाय. पैसे घेऊन मुकी गाडी विकत्यात.

गुरुवार, ५ डिसेंबर

पोरगं भिंतीवरून उडी मारून घरात आलं. दार असताना.

म्या आत तुरीच्या शेंगा सोलत बसले व्हते. बघते तर मल्लेश समोर. गुडघा सोललेला, तोंड पांढरं. माझे दोन्ही खांदे धरले आणि नुसता बघतच राहिला. म्या म्हणलं, "दाराला काय काटे आल्यात का?" म्हणाला, "किती वेळ दार वाजवतोय अज्जी. फोन लावला. फोन तुझ्या मांडीवर हाय." हाय तर हाय. वाजला न्हाय तर म्या काय करू? त्या फोनला पण कुकरची लागण झालीय.

जेवला न्हाय. म्या गुडघ्याला हळद लावली तर म्हणाला, "असू दे." मग अंगणात जाऊन बापाला फोन केला. दोघं वर्षभर बोलत न्हायत, आज बोलले. मला वाटलं चांगलं झालं. कसलं चांगलं. आत येऊन माझ्या कानाशी बसून मला सांगितलं, "पप्पा येळवसाला येणारेत. म्हणत्यात, अव्वाला एकटीला दिवसभर ठेवायचं न्हाय. सोलापूरला नेणारेत."

येळवस म्हंजे वेळ अमावास्या, शेतात पूजा करून जेवायचा आमचा सण, महिन्यावर पण न्हाय. सोलापूरला चौथ्या मजल्यावर घर हाय सोमेशचं. आमच्या भागातलं माझ्या वयाचं माणूस चौथ्या मजल्यावर पाठ टेकत न्हाय. हे घर भूकंपानंतर सरकारनं दिलं. एकच मजला, वर पत्रा, समोर मोटार स्टँडसारखा रुंद रस्ता. पळायचं तर दोन पावलांत आभाळाखाली. ते सोडून म्या लिफ्टमधे जाऊ?

मल्लेश म्हणाला, "म्या पप्पांना सांगितलंय, येळवसापर्यंत थांबा. गाडीचा आवाज नीट करतो. अज्जीनं गाडी ऐकून दार उघडलं, तर न्यायचं न्हाय."

म्हंजे बिघडली गाडी आणि बोचकं बांधायचं माझं. असला न्याय.

शनिवार, ७ डिसेंबर

आज गाडीची तपासणी झाली.

मल्लेशनं गॅरेजमधून पोतंभर पाईप आणले. लांब, आखूड, वाकडे, पोट सुटलेले. मला अंगणात खुर्चीवर बसवलं, पाठ रस्त्याकडं. "मागं बघायचं न्हाय. गाडीचा आवाज आला की हात वर कर." म्या म्हणलं, तपासणी गाडीची आणि परीक्षा माझी का? म्हणाला, "तुझ्याइतका आवाजाचा शौक कुणाला हाय?" हे मात्र खरं.

फरहाना शेजारी उभी व्हती, खैरुनबीची सून, गुणी पोरगी. हल्ली जरा ओरडून बोलती, पण माहेरची सवय असंल. मल्लेश लांब रस्त्याच्या टोकाला गेला. पाईप बदलायचा, गाडी चालू करायचा. पहिल्या पाईपाला गाडी सुरूच झाली न्हाय. म्या हात वर केला न्हाय. दुसऱ्याला पण न्हाय. फरहानाचं तोंड उतरलं, तिला काय मनाला लागलं कुणास ठाऊक. मग तो पोटवाला पाईप लावला तवा कुठं घुमल्यासारखं आलं, म्या हात वर केला. फरहाना एकदम माझ्या गळ्यात पडली. "ऐकलं, आज्जी, तुम्ही ऐकलं!" म्या म्हणलं, अगं गाडी चालू झाली तर ऐकणारच की.

एकंदर बारीक आवाजाचे पाईप सगळे खराब निघाले. बाजारात असला माल देत्यात.

संध्याकाळी मल्लेश पाईप पुसत बसला व्हता. मग म्हणाला, "अज्जी, अंगणात चिमण्या येत्यात का गं?" म्या म्हणलं, "येत्यात की. पण मुक्या झाल्यात. फवारणीचं खाऊन खाऊन घसा गेला त्यांचा." त्यानं मान खाली घातली आणि तोच पाईप परत पुसायला लागला.

बुधवार, ११ डिसेंबर

आज जे झालं ते लिहिताना हाताचं पीठ डायरीला लागतंय. लागू दे.

दिवेलागणीला म्या पीठ मळत व्हते. आधी पायाखाली आलं. मग छातीत. गूंऽऽ. लांबून, खालून, न थांबता. पुढचं मला आठवत न्हाय, म्या रस्त्याच्या मधोमध उभी व्हते एवढं खरं. खैरुनबी समोरून आली, डोक्यावर पदर न्हाय, हातात पानाचा डबा. चाँदपाशा न्हाणीतून तसाच, लुंगी आणि अंगाला साबण. वरच्या गल्लीतली, खालच्या गल्लीतली, जेवढी म्हातारी तेवढी सगळी रस्त्यावर. तरणी पोरं दारात उभी राहून आमच्याकडं बघत व्हती, ह्यांना काय झालं म्हणून. सगळ्यांचं तोंड आपापल्या घराच्या पत्र्याकडं.

मग गाडीचा दिवा दिसला. मल्लेश. गाडी बंद केली तशी गूं बंद झाली.

चाँदपाशानं आधी साबण पुसला डोळ्यातला. म्हणाला, "मल्ल्या, तुझ्या त्या फटाक्याला शिव्या दिल्या, माफ कर बाबा. तो बरा व्हता." तवा कुणीतरी हसलं, मग सगळीच हसली. खैरुनबी हसत हसत म्हणाली, "तुम्ही आधी आत जा, लोक पोरीबाळी घेऊन उभे हायत." पण तिनं माझा हात धरला व्हता तो सोडला न्हाय. घरापर्यंत धरूनच आली. एवढ्या वर्षात पहिल्यांदा माझ्या घरात येऊन तिनं काय नाव ठेवलं न्हाय.

मल्लेश त्या भूकंपानंतर लई वर्षांनी जन्मला. जमिनीचा तो आवाज त्याला काय माहीत. त्यानं गाडीच्या पोटाखाली लोखंडी डबा बसवला व्हता, आवाज खाली उतरावा म्हणून. उतरला तो पार जमिनीत उतरला.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज मल्लेशनं पुलावरच गाडी बंद केली आणि ढकलत घरी आणली. बुलेट काय सायकल हाय का ढकलायला. घामाघूम.

भाकरी खाताना विचारलं, "अज्जी, तो आवाज तसाच व्हता का?" कुणी मला हे कधी विचारलं न्हाय. सोमेशनं पण न्हाय. म्या म्हणलं, तसाच न्हाय, पण त्याच घरातला. म्हणाला, फरक सांग.

म्या सांगितलं. जमिनीला श्वास नसतो. एकदा गूं सुरू झाली की मधे जागा ठेवत न्हाय, म्हणून माणसाला कळत न्हाय कुठं पळावं. इंजिनाला श्वास असतो. टुक म्हणतं, थांबतं, टुक म्हणतं. आपल्या गिरणीच्या इंजिनाचं तसं व्हतं.

गिरणी त्याच्या आजोबाची, शंभुलिंगांची. डिझेलचं इंजिन. धूर जायच्या पाईपावर त्यांनी पत्र्याची टोपी बसवली व्हती, सैल. प्रत्येक ठोक्याला उडायची आणि कुक म्हणायची. शेतात बायांना कळायचं गिरणी चालू झाली, दळण न्या. सगळ्या गिरणीवाल्यांची तसलीच टोपी, पण प्रत्येकाचा आवाज वेगळा.

भूकंपात गिरणीची भिंत गेली. इंजिन मातीखालून काढलं. तंबूंच्या शेजारी, उघड्यावर, दगडावर बसवून यांनी ते चालू केलं. टुक टुक कुक सुरू झाल्याबरोबर सगळ्या तंबूंतनं माणसं बाहेर आली आणि रडायला लागली. दळण एकानं आणलं न्हाय. म्या बोंबलले, "डिझेल जळतंय. दळायचं का रडायचं ते ठरवा." मग खैरुनबी पहिली आली. मदतीच्या पोत्यातले गहू घेऊन.

कोण कोण गेलं ते मल्लेशनं विचारलं न्हाय. शहाणा हाय.

रविवार, १५ डिसेंबर

पोरानं माझं ऐकून गाडीच्या पाईपाला खरंच पत्र्याची टोपी बसवली. गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून. शिंकणाऱ्या शेळीसारखा आवाज आला. पुलाच्या चढाला गाडी मेली. टोपी उडून चाँदपाशाच्या हरभऱ्यात पडली, ती त्यानं आणून दिली, वर म्हणाला, "तुमच्या गाडीची कानटोपी."

म्या म्हणलं, ते इंजिन वेगळं, ही गाडी वेगळी, माझं कशाला ऐकतो. मल्लेश म्हणाला, "टोपी चुकली, पण ठोका बरोबर सांगितला तू."

शुक्रवार, २० डिसेंबर

हल्ली रात्रीचं जेवण झालं की गाडी अंगणात उघडून बसतो. गॅरेजचं काम दिवसा, माझं काम संध्याकाळी. ऐकून ऐकून मला पण कळायला लागलंय.

लांब पाईप केला तर आवाज जाड व्हतो. आत भोकाभोकाची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर गुंडाळायची, ती आवाजातली चरचर खाती. ती लोकर म्या उन्हात वाळत घातली, कापसासारखी मऊ दिसली म्हणून. दोन दिवस हात खाजवतीय. "अज्जी, हात लावू नको म्हणलं व्हतं." कधी म्हणला? म्हणला असंल तोंडातल्या तोंडात. ह्या घरात कुणी मोकळ्या तोंडानं बोलतच न्हाय.

लोकर जास्त कोंबली की गाडी गुदमरती. कमी घातली की पोलिस गुदमरवत्यात. फोनमधे आवाज मोजायचं काहीतरी घेतलंय, सारखं ते पाईपाला दाखवतो. म्या म्हणलं, चुलीचं धुराडं असंच असतं. अरुंद केलं की धूर डोळ्यात, रुंद केलं की सगळा जाळ वर आणि भाकरी कच्ची. म्हणाला, "बरोब्बर." प्लग काढून दाखवला. पांढरा व्हता. पांढरा म्हंजे गाडी उपाशी. काळा म्हंजे जास्त खाल्लं. चहासारखा रंग आला की पोट भरलं. आता रोज प्लग बघते म्या. काल दुधाचा चहा व्हता, आज कोरा.

आणि गूं मारायला एक नळी लावलीय. मोठ्या पाईपाला बाजूनं जोडलेली, हातभर, पुढचं तोंड बंद. म्या विचारलं, हिच्यातून धूर कुठं जातो? म्हणाला, "कुठंच न्हाय." मग हिचं काम काय? "ती नुसती बाजूला बसती. गूं तिच्यात जाती आणि तिथंच मरती. बाकीचा ठोका पुढं जातो."

बसून खाणारी नळी. पगार चांगला दिसतो.

बुधवार, २५ डिसेंबर

आज म्या पीठ मळून ठेवलं आणि सहज जमिनीवर बसले. टुक. मग काय न्हाय. मग टुक, टुक, टुक, पुलाकडनं. मधे श्वास. म्या उठून तवा टाकला. दार उघडलं. मल्लेश गाडी लावून पायरीवर उभा व्हता, हात वर केलेला, दार वाजवायला.

तो हात तसाच राहिला वर. म्या म्हणलं, "आत ये, थंडी घरात येतीय."

भाकरी गरम व्हती. चार खाल्ल्या. समोरनं खैरुनबी ओरडली असंल, कारण दारात उभी राहून हातवारे करत व्हती आणि हसत व्हती.

गाडी झाली एकदाची बरी.

रविवार, २९ डिसेंबर

आज सगळं पाण्यात गेलं.

उद्या येळवस. म्या भज्जीच्या, सणाच्या मिसळ कालवणाच्या, भाज्या निवडत व्हते. आंबिलीचं ताक घुसळून झालं व्हतं. मल्लेश शेतात पूजेसाठी कडब्याची कोप, म्हंजे खोपी, उभी करायला गेलेला. डोळे वर केले तर सोमेश समोर उभा, मल्लेशसारखाच पांढरा. तो पण भिंतीवरून आला. पन्नाशीचा माणूस. शर्ट फाटलाय.

बाहेर बघितलं तर नवी गाडी, सून तिच्यापाशी उभी. बॅटरीची. तिला म्हणं आवाजच नसतो. म्या म्हणलं, "अरे, आवाज नसलेल्या गाडीतून यायचं आणि मला ऐकायला लावायचं? दोष देतो कुणाला?" म्हणाला, "अव्वा, म्या दार वाजवलं. हाका मारल्या. हॉर्न वाजवला."

मल्लेश आल्यावर बापलेकांचं जुंपलं. म्या मधे बसले. सोमेश म्हणाला, "हिला काय झालं म्हंजे? गॅस राहिला चालू म्हंजे? तू दिवसभर तिकडं." मल्लेश म्हणाला, "दिवसा फरहानाताई दोनदा येऊन बघती. चाँदपाशा चाचा येतो. तिकडं चौथ्या मजल्यावर कोण येणार? तुम्ही दोघं नोकरीला. तिला गाडी ऐकू येती पप्पा, उद्या दाखवतो." सोमेश म्हणाला, "गाडीचं काय घेऊन बसलास? गाडीचं न्हाय, कानाचं हाय. अव्वा, तुला ऐकू येत न्हाय."

तोंडावर बोलला. मोठ्यानं, स्पष्ट, एकेक शब्द. म्या म्हणलं, शहरात राहून उद्धट झालास. कुकर बिघडलाय, फोन बिघडलाय, गाड्या तुमच्या मुक्या, आणि माझे कान खराब.

सोमेशनं नुसतं कुकरकडं बघितलं आणि डोळे पुसले. मला राग आला. रडायला काय झालं एवढं?

सोमवार, ३० डिसेंबर, येळवस

सकाळी अंगणात चिमण्या आल्या. म्या जवळ जाऊन बघितलं. चोची उघडत व्हत्या, मिटत व्हत्या.

बरं.

तर मग शेतात गेलो. कोप छान झालीय. पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली, सोमेशनं आंबील शिंपडली. ओरडत रानाला फेरा घातला, लहानपणी घालायचा तसाच, फक्त दम लागला. ज्वारी डोक्याएवढी हाय यंदा. चाँदपाशा आणि फरहाना चालत आले. खैरुनबीचा गुडघा धरलाय म्हणून मल्लेश तिला आणायला गाडी घेऊन गेला.

सोमेश गाडीकडं बघत व्हता ती निघायच्या आधी. त्या नळीला हात लावून विचारलं, "ही बंद कशाला ठेवलीस?" किती तरी दिवसांनी बापानं पोराला कामाचं विचारलं. मल्लेश म्हणाला, "तिच्यातून काय जात न्हाय पप्पा. नुसती बसलेली असती. पण ती काढली की सगळ्या गाडीचा गोंधळ व्हतो." आणि बोलताना सगळा वेळ बघत व्हता माझ्याकडं. म्या म्हणलं, नळी तिकडं हाय, माझ्याकडं बघून काय सांगतो.

तो गेल्यावर सोमेशनं मला कोपीपुढं बसवलं, पाठ रस्त्याकडं. स्वतः समोर बसला, माझ्या तोंडाकडं बघत. चाँदपाशा हरभऱ्याच्या घाट्यांबद्दल बोलत व्हता, सून वाढत व्हती, फरहाना भांडी मांडत व्हती. सगळ्यांची तोंडं हलत व्हती. म्या त्यांच्याकडं बघायचं सोडून दिलं. जेवायला घेतलं. पिठाचा उकडलेला उंडा तोंडात घालणार तेवढ्यात टुक.

म्या हात तसाच धरला. टुक. टुक. चढ आला. ठोके जवळ आले, पण तुटला न्हाय एक पण. दम हाय गाडीत. प्लग चहासारखाच असणार.

"आला," म्या म्हणलं.

सोमेश म्हणाला, "कुठं? मला तर..." मग थांबला. चाँदपाशाला हातानं गप केलं. सगळे गप बसले. मग त्याला पण आला आवाज, त्याच्या तोंडावर दिसलं.

म्या म्हणलं, "एकटा न्हाय. मागं वजन हाय, ठोका जड पडतोय. खैरुनबी जाड झालीय."

बांधावर गाडी आली. मागं खैरुनबी, मांडीवर खिरीचं पातेलं, सांडू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलेलं. उतरता उतरता म्हणाली, "मल्ल्याची गाडी म्हंजे आपली गिरणीच बसायला दिल्यासारखी गं." तिनं पण ओळखलं. सोमेश उठला, पातेलं घेतलं तिच्या हातातून. मग मल्लेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथंच उभा राहिला. बोलला काय ते मला आलं न्हाय ऐकू. लांब व्हते दोघं. मला वाढलेली आंबील म्या पिऊन टाकली.

मंगळवार, ३१ डिसेंबर

सोमेश गेला. बोचकं न बांधता गेला. जाताना माझ्यासमोर उकिडवा बसून, मोठ्यानं बोलला, "अव्वा, इथंच रहा. पण एक ऐक. गुरुवारी मल्लेश उमरग्याला कानाच्या डॉक्टरकडं नेणार. तू जायचं." म्या म्हणलं, जाते. पण मशीन मिशीन कानात घालणार न्हाय. म्हणाला, बघू. म्या म्हणलं, बघू न्हाय. म्हणाला, बरं. मग म्या म्हणलं, बघू.

कुकर सुनेनं तपासला. चांगला हाय म्हणाली. फरहाना आता कुकरसाठी घड्याळ लावून देणार, वेळ झाली की थरथरणारं, कमरेला अडकवायचं. असू दे. खैरुनबीनं शिट्ट्या मोजायचं काम कायमचं मागून घेतलं.

मल्लेशकडं गॅरेजला आता पोरं येत्यात, म्हणत्यात आम्हाला पण तसला ठोका पाहिजे, पोलिस न धरणारा. त्यानं सांगितलं, तो एकच हाय, दुसरा करणार न्हाय. धंद्याला बसलाय का देवळात? पण माझी मान उगाच ताठ झाली, ते खरं.

आता ठरलेलं लिहून ठेवते, म्हंजे मागनं कुणी बदलायला नको. गुरुवारी दवाखान्यात डॉक्टर जे काय विचारील, त्याचं उत्तर मल्लेशनं द्यायचं, म्या गप बसणार. फोनला फरहानानं बोलायचं. सोमेशला खैरुनबीनं कळवायचं. पण दिवेलागणीला पुलावर गाडी वाजली की ह्या घरात, समोरच्या घरात, कुणी जागचं उठायचं न्हाय आणि दाराला हात लावायचा न्हाय. तिला ओ म्याच देणार.